रुंद बाजूची फट

एका कारखान्यात एकदा एका वृद्ध कारागिराने आपल्या हातची सर्वांत उत्तम वस्तू यंत्राला बांधली आणि सगळ्यांदेखत तिला चीर पाडली. ज्या शिष्येसाठी त्याने ती चिरली, तिला त्या क्षणी वाटले की म्हाताऱ्याची बुद्धी फिरली. ही गोष्ट त्या शिष्येची आहे.

तो कारखाना लहानसाच होता. सूक्ष्मलहरी जिच्यातून वाहून नेतात, अशी धातूची पोकळ नळी तेथे घडत असे. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमुळे या लहरींचे नाव आपल्या घराघरांत पोचले आहे, पण त्यांचे मोठे काम बाहेर चालते. बंदरातले रडार याच लहरींच्या जोरावर धुक्यातली होडी ओळखते. लहर तारेतून जाते तशी इथे जात नाही. ती नळीच्या पोकळीतून पुढे सरकते आणि नळीच्या आतल्या भिंती तिला सांभाळून नेतात. ही नळी गोल नसते, चपट्या डब्यासारखी असते. दोन बाजू रुंद, दोन अरुंद.

वृद्ध कारागिराला सगळे आबा म्हणत. चाळीस वर्षे त्यांनी पितळेच्या पट्ट्या वाकवून आणि सांधे डाखून, म्हणजे वितळलेल्या धातूने जोडून, अशा नळ्या केल्या होत्या. सुलेखा त्यांच्या हाताखाली तीन वर्षांपूर्वी आली. तंत्रनिकेतनातून नुकतीच पदविका घेतलेली, हाताने चपळ, मनाने हळवी. तिच्यासाठी कारखान्याच्या शेठनी एक थ्रीडी प्रिंटर आणला आणि रंगाचे डबे ठेवायची खोली रिकामी करून दिली. त्या यंत्रात राळेसारखे द्रव्य थरावर थर घट्ट होत जाई आणि दोन दिवसांनी मनात असेल तो आकार तयार होऊन बाहेर येई. मग त्या आकाराला तांब्याचा मुलामा चढवायचा, की प्लास्टिकची नळी लहरींच्या दृष्टीने तांब्याची झाली. वजन मात्र पिसासारखे.

एका बंदरासाठी तीन वळणांची नळी हवी होती. पितळेत ती करायची तर आठ तुकडे आणि सात सांधे, शिवाय वजन इतके की बंदरातला जुना खांब ते पेलणार नव्हता. सुलेखाने ती अखंड छापली. एकही सांधा नाही. तिने असे तीन अखंड तुकडे, म्हणजे तीन पुऱ्या नळ्या, छापून ठेवल्या, तेव्हा शेठ म्हणाले, "बाई, शुक्रवारी बंदराच्या तपासनीस येणार आहेत. नळी उतरली परीक्षेला, तर ही खोली तुमची. नाही उतरली, तर यंत्र ज्यांचं त्यांना परत, आणि इथे पुन्हा रंगाचे डबे. मला रोज रोज प्रयोग परवडत नाहीत."

कारखान्यातले लोक सुलेखाला चिडवत, "आबांना घरी बसवायला आलीय ही!" ती हसून सोडून देई. पण आबा तिच्या अखंड नळीकडे नुसते पाहत आणि काही बोलत नसत, हे तिला टोचत असे. रागावले असतील का? चाळीस वर्षे ज्या हातांनी सांधे डाखले, त्यांना सांधाच नको म्हणणारे यंत्र कसे आवडेल? तिने विचारले नाही. आबांनी सांगितले नाही.

सोमवारी पहिल्या तुकड्यावर मुलामा चढून आला. बाहेरून तो नव्या तांब्याच्या घंगाळासारखा झळकत होता. सुलेखाने तो मोजणीच्या मेजावर बसवला. एका टोकाला लहर सोडायची आणि दुसऱ्या टोकाला किती पोचली ते मीटरचा काटा दाखवतो. काटा शंभराजवळ जायला हवा होता. तो चाळिसावर थांबला.

तिने जोडणी तपासली. पुन्हा लहर सोडली. काटा पुन्हा चाळिसावर.

ती नळी घेऊन मुलाम्याच्या विभागात गेली. तेथे हौसामावशी टाकीपाशी उभ्या होत्या, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. त्यांनी नळी कानाशी नेऊन हलवली, एका टोकाने फुंकर मारली आणि म्हणाल्या, "अगं, आत कोरडीच आहे ही. पालथी घागर पाण्यात दाबली तर भरते का? तुझ्या नळीला दोन टोकं आणि मधे तीन वळणं. हवा अडकून बसते. मुलाम्याचं पाणी आतल्या पोटापर्यंत जातच नाही."

"पण बाहेरून तर किती सुरेख चढलाय, मावशी."

"बाहेरून! लहर बाहेरून जाते होय गं?"

सुलेखाला लाज वाटली. मग तिने विचार केला की हवेला वाट हवी आणि पाण्यालाही वाट हवी, तेव्हा नळीला फट ठेवावी. पण जिचा सगळा डौल अखंडपणात आहे, तिला फट? तिने दुसरा तुकडा हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. रुंद बाजू समोर येते, सगळ्यांची नजर तिथेच पडते. अरुंद बाजू खाली झाकली जाते. तिने अरुंद बाजूला, कुणाला सहज दिसणार नाहीत अशा, बारीक लांबट फटी पाडल्या आणि तुकडा हौसामावशींच्या हवाली केला.

बुधवारी दुपारी तो परत आला. या वेळी मुलामा आतपर्यंत पोचला होता. तिने फटीतून बारीक विजेरी धरून पाहिले, तर पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत तांबे लखलखत होते. ती आनंदाने मेजाकडे धावली. लहर सोडली.

काटा पंचविसावर.

तिचा विश्वास बसेना. आत तांबे नव्हते तेव्हा चाळीस पोचत होते, आणि तांबे आले तर पंचवीस? ही कुठली रीत? तिने नळीभोवती हात फिरवला, जणू वाटेत सांडलेली लहर हाताला लागणार होती. एकच कोरा तुकडा उरला होता आणि नवा छापायला वेळ नव्हता. डोक्यात नुसता गोंधळ माजला. फट नसेल तर तांबे जात नाही. फट ठेवली तर लहर टिकत नाही. मग ही नळी जगात होऊच शकत नाही काय? आणि होऊ शकत नसेल, तर आबांना ते पहिल्यापासून ठाऊक होते काय?

शेवटी ती आबांपाशी गेली. आबा स्टुलावर बसून चष्मा पुसत होते. तिने दोन्ही नळ्या त्यांच्यापुढे ठेवल्या, सगळी हकिगत सांगितली आणि चूक कुठे आहे ते विचारले.

आबांनी दुसरी नळी उलटी करून पाहिली.

"फटी बाजूला का पाडल्यास?"

"दिसू नयेत म्हणून, आबा."

आबा उठले. मोजणीच्या मेजामागे भिंतीला एक सरळ पितळी नळी टांगलेली असे. ती आबांनी तरुणपणी केली होती. कारखान्यातला प्रत्येक मीटर बरोबर दाखवतो की नाही, ते तिच्यावरून ताडले जाई. नव्या माणसाला तिला हातही लावायची परवानगी नव्हती. आबांनी ती उतरवली, मेजावर बसवली आणि लहर सोडली. काटा अठ्ठ्याण्णववर. "पाहिलंस?" ते म्हणाले. मग त्यांनी ती नळी धातू कापायच्या मिलिंग मशीनच्या शिकंज्यात घट्ट आवळली, कागदासारखी पातळ चकती लावली आणि यंत्र सुरू केले.

"आबा, काय करताय? आबा!"

चकती खाली आली. रुंद बाजूच्या अगदी मधोमध, एका टोकाच्या जवळून दुसऱ्या टोकाच्या जवळपर्यंत, पितळेचा भुगा उडवीत एक सरळ चीर निघत गेली. आवाजाने माणसे जमली. लेथवरचा एक कामगार दुसऱ्याला हळूच म्हणाला, "झालं! आता शेठना कोण सांगणार?" सुलेखाच्या डोळ्यांत पाणी आले. तिला वाटले, आपल्या नळीचे ऐकून या माणसाला इतका त्रास झाला, की आपण उद्ध्वस्त होतोय तर सगळेच होऊ दे, असे याच्या मनाने घेतले.

आबांनी नळी सोडवली. ब्रशने भुगा झाडला. चिरेतून आरपार नळीचे पोट दिसत होते. त्यांनी ती तशीच मेजावर बसवली.

"सोड लहर."

सुलेखाचा हात हलेना. आबांनी स्वतःच बटण दाबले. काटा उठला. अठ्ठ्याण्णव.

सुलेखाने पुढे होऊन मीटरवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि पुन्हा तेथेच येऊन थांबला. तिच्या नळीला बोटभर लांबीच्या बारीक फटी होत्या आणि निम्म्याहून जास्त लहर गेली होती. हिला टोकापासून टोकापर्यंत चीर, आणि काहीच गेले नव्हते.

"मला काहीच कळत नाहीये," ती म्हणाली. आता तिला रडू आवरले नाही. "तिथे फट वाईट आणि इथे चालते, असं कसं? आणि हे तुम्हाला ठाऊक होतं, तर मला आधी का नाही सांगितलंत? माझ्या यंत्राचा राग आहे ना तुम्हाला?"

आबा हसले. "राग? अगं, सात सात सांधे डाखून माझी पाठ मोडली. तुझं यंत्र वीस वर्षं आधी आलं असतं तर मी त्याला हार घातला असता. बस इथे."

लोक पांगले. ती बसली. आबांनी जमिनीवर खडूने एक रस्ता काढला.

"हा रस्ता. गाड्या अशा लांबीने जातात. रस्त्याच्या मधोमध लांबीलाच एक बारीक चर खणला, तर गाड्या अडतील?"

"नाही. दोन्ही बाजूंनी जातील."

"आणि तेवढाच बारीक चर रस्त्याच्या आडवा खणला तर?"

"पहिलीच गाडी आदळेल."

"लहर नळीच्या पोकळीतून जाते, हे तुला माहीत आहे. पण ती जाताना आतल्या भिंतींच्या कातडीवर वीज खेळते. रुंद बाजूच्या अगदी मध्यावर ती वीज लांबीने धावते. तिथे लांबीला चीर दिलीस तर तिचं काही अडत नाही. अरुंद बाजूला मात्र ती वरून खाली जाते. तिथे तू लांबीला फट पाडलीस, म्हणजे तिच्या वाटेत आडवा चर खणलास. वीज त्या चराशी अडली आणि लहर त्यातून बाहेर सांडली. तांबं आत कितीही लखलखू दे. तुझी पहिली नळी निदान बाहेरच्या तांब्याने बंद तरी होती, म्हणून तिच्यातून चाळीस पोचले."

सुलेखा खडूच्या रस्त्याकडे पाहत राहिली. "पण पुस्तकातलं चित्र मी पाहिलं होतं. त्या बाणांचं. भिंतींवर वीज कुठून कुठे धावते ते दाखवणारे बाण."

"मीही चित्रच पाहिलं होतं. मग पहिल्या दहा नळ्या वाया घालवल्या. जरा ते बघ." आबांनी बोटाने भिंतीकडे दाखवले. तेथे त्यांच्या हातच्या तऱ्हेतऱ्हेच्या नळ्या रांगेने टांगल्या होत्या. "माझे लांबीचे सांधे कुठे आहेत?"

तिने पाहिले. प्रत्येक नळीच्या रुंद बाजूच्या मधोमध, अगदी समोर, डाखाची करडी रेघ होती. तीन वर्षे ती या रेघा पाहत होती. तिला वाटे, जुन्या माणसाला दिसण्याची फिकीर नाही, नाहीतर सांधा एखाद्या कडेला लपवला असता. तिने हे एकदा हौसामावशींजवळ हसत बोलूनही दाखवले होते.

आबांच्या आवाजात राग नव्हता. "पोरी, अखंड नळी मला जन्मात जमली नाही. तुझ्या यंत्राला ती जमली, म्हणून तू तिच्या अखंडपणाच्या प्रेमात पडलीस. मग फट ठेवायची वेळ आली तेव्हा ती कुणाला दिसेल एवढाच विचार केलास. लहरीला डोळे नाहीत. आपली वाट कुठे अडली, एवढंच तिला कळतं. आणि मी का सांगितलं नाही म्हणतेस? तू अखंड नळी आणून माझ्यापुढे धरायचीस आणि मी छान म्हणावं म्हणून वाट बघायचीस. 'आबा, हिच्यात चूक कुठे आहे,' असं तू आज पहिल्यांदा विचारलंस. मीही वाट बघत बसलो, ते माझं चुकलं. म्हातारपणी माणूस मानाची वाट बघायला लागतो."

सुलेखाच्या मनातला गोंधळ मिटला नव्हता, पण त्याला आता एक टोक सापडले होते. थोड्या वेळाने तिने उरलेला कोरा तुकडा आणला. रुंद बाजूचा मध्य मोजला, पुन्हा मोजला आणि पेन्सिलने रेघ ओढली. आबांनी हात लावला नाही. नळी मधेच तुटू नये म्हणून तिने एक लांब चीर न पाडता थोडे थोडे अंतर सोडून आखूड चिरा पाडल्या. मग नळी हौसामावशींकडे नेली.

मावशींनी नळी टाकीत बुडवली. फटींतून बुडबुडे भराभर वर आले. "आत्ता कशी प्याली बघ!" त्या म्हणाल्या.

शुक्रवारी बंदराच्या तपासनीस बाई आल्या. मध्यम वयाच्या, मितभाषी, खांद्याला पिशवी. शेठ त्यांच्या चार पावले पुढे मेजाशी आले आणि नळी पाहताच शेठचा चेहरा उतरला. नळीच्या दर्शनी बाजूला, बरोबर मधोमध, फटींची रांग.

"हे काय, बाई? तडा गेलाय?" ते सुलेखाच्या कानाशी कुजबुजले. "वरून एखादी पट्टी चिकटवा की पटकन. मी त्यांना चहाला नेतो."

सुलेखाने आबांकडे पाहिले. आबा खिडकीतून बाहेर पाहत होते. त्यांना मुळीच मदत करायची नव्हती, हे त्यांच्या पाठीवरूनच दिसत होते. पट्टी पेटीतच होती. चिकटवायला दोन मिनिटे लागली असती आणि दिसायला नळी खरेच बरी झाली असती. तिने एकदा पेटीकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

तोवर तपासनीस बाई मेजाशी आल्या होत्या. "ही फट बुजवायची राहिली का?" त्यांनी विचारले.

"राहिली नाही," सुलेखा म्हणाली. "ठेवली आहे."

मग ती सांगू लागली. सुरुवातीला शब्द चुकले. पालथ्या घागरीचे सांगितले, बाजूला पाडलेल्या फटींचे सांगितले, आणि त्या फसलेल्या दोन्ही नळ्याही न लपवता मेजावर ठेवल्या. शेठनी कपाळाला हात लावला. बाईंनी पहिली नळी मोजायला लावली, चाळीस. दुसरी, पंचवीस. मग तिसरी. काटा उठला आणि पंच्याण्णवच्या थोडा पुढे जाऊन स्थिरावला.

बाईंनी पिशवीतून विजेरी काढली, फटीला डोळा लावला आणि एकेका फटीतून आत पाहत पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत गेल्या. बराच वेळ लागला.

"पंधरा वर्षं मी नळ्या तपासते आहे," त्या कंबर सरळ करीत म्हणाल्या. "आत काय आहे ते बाहेरच्या झळाळीवरून ताडायचं, असंच चालत आलं. आज आत बघता आलं. पावसापाण्यासाठी वरून आवरण आम्ही घालू, लहरीला न अडवणारं. फटी अशाच असू द्या." त्यांनी कागदावर सही केली आणि तशाच सहा नळ्या लिहून दिल्या.

शेठचा जीव भांड्यात पडला. जाता जाता ते म्हणाले, "खोली तुमची, बाई. पण पुढच्या वेळी असं काही असलं तर मला आदल्या दिवशी सांगत जा. माझं वय झालंय."

आपण माणसेही मुलाम्याचीच असतो. झाकून बसलो तर सुधारणा आत शिरत नाही, आणि भलत्या जागी उघडे पडलो तर जवळचे होते तेही सांडते. उघडायचे कुठे, हे आत काय वाहते आहे ते ओळखणाऱ्यालाच कळते, आणि ते एकट्याने क्वचितच ओळखता येते.

संध्याकाळी सगळे घरी निघाले तेव्हा सुलेखा मेजाशी एक नवा कागद पसरून बसली होती. शेठनी पुढचे काम दिले होते आणि ते वेगळ्याच घाटाचे होते. आबा पिशवी खांद्याला लावून निघाले होते, तिला पाहून थांबले.

"काय झालं?"

"आबा, ही नळी गोल आहे. हिला रुंद बाजूच नाही आणि अरुंदही नाही. मग हिच्या कातडीवर वीज कुठून कशी धावत असेल? हिला फट कुठे ठेवायची?"

आबांनी कागद जवळ ओढला. चष्मा वर केला, खाली केला.

"ठाऊक नाही गं," ते म्हणाले. "गोल मी कधी केलीच नाही."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि स्टूल तिच्या मेजाशी ओढून घेतले.